गॅरेजचा राजा : लॅरी लेव्हन

आपल्याकडे डीजे म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येतच नाही. येते ती ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत, कानठळ्या बसवणारा आवाज आणि त्या वर्षीची हिट गाणी! पण मित्रांनो, डीजे हा मुळात एक माणूस असतो. कुठली तबकडी कधी लावायची, हे तो समोर नाचणाऱ्यांकडे बघून ठरवतो. जगभरचे डीजे आजही ज्याचं नाव कानाला हात लावून घेतात, अशा एका माणसाची ही गोष्ट.

लॅरी लेव्हनचं मूळ नाव लॉरेन्स फिलपॉट. जन्म २० जुलै १९५४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला, कृष्णवर्णीय घरातला. हृदयाचं दुखणं जन्मापासूनचं, वर दमा. शाळेत चक्कर येऊन पडायचा. आई मिनी लेव्हन कपडे शिवायची. लॅरीने पुढे तिचंच आडनाव लावलं आणि तिची कलाही उचलली. हार्लेममध्ये तेव्हा पुरुष स्त्रीवेशात नटून येत अशा नाच-स्पर्धा भरत. त्यांच्यासाठी कपडे शिवता शिवता लॅरीची फ्रँकी नकल्स नावाच्या मुलाशी गट्टी जमली. दोघंही गे, दोघंही कृष्णवर्णीय, दोघांच्याही खिशात फारसं काही नाही. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७० साली डेव्हिड मँकुसो नावाचा गृहस्थ आपल्या राहत्या जागेत पार्ट्या देऊ लागला. त्या जागेला सगळे लॉफ्ट म्हणत. दारू नाही, जाहिरात नाही, फक्त ओळखीच्यांना आमंत्रण आणि अत्यंत निगुतीने बसवलेली साउंड सिस्टिम. इतर क्लबांच्या दारातून ज्यांना परत पाठवलं जाई, त्यांना इथे मोकळेपणाने नाचता येई. अंडरग्राउंड म्हणतात ते हेच. त्यात चोरून-लपून काही करण्याचा भाग कमी होता. आपल्याला हवी तशी जागा बाहेर मिळत नाही, म्हणून ती आपणच तयार करायची, एवढाच त्याचा अर्थ. लॅरी आणि फ्रँकी तिथे जाऊन शिकले. मग निकी सियानोच्या गॅलरी या क्लबमध्ये फुगे फुगवणं, सजावट करणं अशी पडेल ती कामं केली. पुढे कॉन्टिनेंटल बाथ्समध्ये लॅरी लाइट सांभाळायला लागला. तिथला डीजे सोडून गेला आणि लॅरी तबकड्यांपाशी उभा राहिला. वय विशीच्या आत!

१९७७ साली शिकागोमध्ये वेअरहाऊस नावाचा क्लब निघत होता. मालकाने आधी लॅरीला विचारलं. लॅरी न्यूयॉर्क सोडायला तयार नव्हता, त्याने फ्रँकीचं नाव सुचवलं. फ्रँकी गेला, आणि वेअरहाऊसमध्ये वाजणाऱ्या संगीताला लोक हाऊस म्हणू लागले. म्हणजे लॅरीचा एक नकार आणि एका संगीतप्रकाराचं बारसं!

लॅरी थांबला तो मायकल ब्रॉडी या मालकाच्या नव्या जागेसाठी. ८४ किंग स्ट्रीटवरचं दुमजली पार्किंग गॅरेज. म्हणून नाव पॅराडाईज गॅरेज. काम अर्धवट असतानाच १९७७ मध्ये तिथे पार्ट्या सुरू झाल्या. रीतसर उद्घाटन जानेवारी १९७८ मध्ये ठरलं आणि पुरता फज्जा उडाला. बर्फाच्या वादळामुळे साउंडचं सामान विमानतळावर अडकलं. शहरातली फॅशनेबल मंडळी कडाक्याच्या थंडीत तासन् तास दाराबाहेर उभी. ती जी चिडून गेली, त्यातली बरीच परत आलीच नाहीत. मागे राहिले ते मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो गे तरुण. गॅरेज त्यांचं झालं.

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या जिव्हाळ्याचा भाग. गॅरेजची सिस्टिम रिचर्ड लाँग या साउंड इंजिनिअरने बांधली होती, आणि क्लब चालू असेपर्यंत तो आणि लॅरी तिच्यात बदल करतच राहिले. बासच्या एका हॉर्न स्पीकरला तर लेव्हन हॉर्न असंच नाव पडलं. लाँगच्या क्रॉसओव्हरमध्ये बास, मधले स्वर आणि वरचे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय होती. म्हणजे गाणं चालू असताना बास पूर्ण काढून घ्यायचा, लोकांना ताटकळत ठेवायचं आणि नेमक्या क्षणी परत सोडायचा! लॅरी दोन तबकड्या सफाईने जोडण्यात सर्वांत पुढे होता असं नाही. त्याच्यापेक्षा सफाईदार डीजे न्यूयॉर्कमध्ये होते. त्याचं लक्ष खोलीवर असायचं. रात्र चढत जाईल तशी तो रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिज बदलून अधिक चांगली लावायचा, म्हणजे आवाजही चढत जायचा. कधी भर पार्टीत शिडीवर चढून आरशांचे गोळे पुसत बसायचा आणि शेकडो लोक गुपचूप वाट बघायचे. असा बॉस कुणाला चालेल? पण तिथे चालायचा.

गॅरेजमध्ये दारू विकत नसत. फळं, सरबत, खाणं फुकट. आत जायला मेंबरशिप लागायची. बारच्या गल्ल्यावर धंदा अवलंबून नव्हता, त्यामुळे लोकांनी नाच थांबवून प्यायला जावं अशी कुणाची इच्छाही नव्हती. शनिवारी रात्री आलेली मंडळी रविवारी ऊन वर आल्यावर बाहेर पडायची.

बाहेर याच वेळी काय चाललं होतं? १९७७ अखेर सॅटर्डे नाइट फीव्हर हा सिनेमा आला आणि डिस्कोचा महापूर सुरू झाला. ज्या त्या कंपनीला डिस्को तबकडी हवी. संगीत साच्यातून निघायला लागलं. लोक कंटाळले, आणि कंटाळ्यात द्वेषही मिसळला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात एका रेडिओवाल्याने खोकंभर डिस्को तबकड्या स्फोटाने उडवल्या. प्रेक्षक मैदानात घुसले, पुढचा सामना रद्द करावा लागला. हा राग मुळात कृष्णवर्णीयांवरचा आणि गे लोकांवरचा होता, असं अनेकांना तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. (गंमत म्हणजे आपल्या मुंबईत डिस्कोची लाट त्यानंतर आली. कुर्बानी १९८० चा, डिस्को डान्सर १९८२ चा!) गॅरेजमध्ये मात्र नाच एक दिवसही थांबला नाही. वेस्ट एंड, प्रील्यूड, सॅलसोल अशा छोट्या कंपन्या तबकड्या काढत होत्या आणि लॅरी त्या वाजवत होता.

तो स्वतः रिमिक्सही करायचा. ताना गार्डनरचं हार्टबीट हे १९८१ चं गाणं घ्या. नाचायच्या गाण्यांचा वेग तेव्हा मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास असे, हे साधारण १०० चं. पहिल्यांदा लावल्यावर फ्लोअर रिकामा झाला. दुसरा कुणी असता तर तबकडी गुंडाळून ठेवली असती. लॅरी लावतच राहिला, आणि शेवटी तिचा पहिला ठोका ऐकून लोक फ्लोअरकडे धावू लागले. तबकडी पुढे जोरात खपली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अंडरग्राउंड म्हणजे सोवळं आणि बाजार म्हणजे विटाळ, असं लॅरीचं नव्हतं. रेडिओ स्टेशन डब्ल्यूबीएलएसचा फ्रँकी क्रॉकर गॅरेजमध्ये ऐकलेली गाणी रेडिओवर लावायचा. मॅडोनाच्या पहिल्या गाण्याचा व्हिडिओ गॅरेजमध्ये शूट झाला. बाजाराचं येणं-जाणं होतंच. फरक इतकाच, की गाणं आधी फ्लोअरवर सिद्ध व्हायचं आणि मग बाजारात जायचं. हुकूम नाचणाऱ्यांचा होता.

मग एड्स आला. एप्रिल १९८२ मध्ये, रोगाला धड नावही नव्हतं तेव्हा, न्यूयॉर्कमधल्या रुग्णांसाठी निधी जमवणारा मोठा कार्यक्रम गॅरेजमध्येच झाला. पण फ्लोअरवरचे चेहरे कमी होत गेले. ब्रॉडीलाही तोच आजार झाला, जागेचा भाडेकरारही संपत आला. सप्टेंबर १९८७ अखेर सलग दोन दिवसांची शेवटची पार्टी झाली आणि गॅरेज बंद पडलं. त्याच वर्षी जानेवारीत शिकागोचं एक हाऊस गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर पोचलं होतं. संगीत जग जिंकायला निघालं आणि ते जिथे वाढलं त्या घराला कुलूप लागलं.

लॅरी यातून सावरला नाही. ड्रग्ज आधीपासून होतीच, आता हेरॉइनने पुरतं धरलं. कामाला उशिरा जाणं, न जाणं नेहमीचं झालं. पैशांसाठी तो आपल्या तबकड्या विकू लागला. काही मित्र त्या विकत घेऊन त्यालाच परत आणून देत.

१९९१ मध्ये लंडनमध्ये मिनिस्ट्री ऑफ साउंड नावाचा क्लब उघडला. गॅरेजमध्ये नाचून गेलेल्या एकाने त्याच धर्तीवर आखलेला, तोही बसच्या जुन्या गॅरेजमध्ये! सुरुवातीला तिथेही दारू नव्हती. लॅरीला थोड्या दिवसांसाठी बोलावलं, तो काही महिने राहिला आणि तिथली साउंड सिस्टिम जुळवायला मदत केली. पुढे ही मिनिस्ट्री सीडी विकणारी मोठी कंपनी झाली. १९९२ मध्ये लॅरी जपानच्या दौऱ्यावर गेला. तिथे तो पुन्हा पूर्वीसारखा वाजला, असं ऐकणारे सांगतात. परत आला आणि ८ नोव्हेंबर १९९२ ला, जन्मापासून दुखरं असलेलं ते हृदय थांबलं. वय अवघं ३८.

फ्रँकी नकल्सला १९९८ मध्ये रिमिक्सचं पहिलं ग्रॅमी मिळालं. २०१४ मध्ये तोही गेला. त्याच वर्षी किंग स्ट्रीटवर लॅरीच्या आठवणीत भर रस्त्यात पार्टी झाली, हजारो लोक नाचले. पुढे ती इमारतही पाडली गेली.

लॅरीला देव करायचं कारण नाही. व्यसनाने त्याची माती केली, आणि त्यात अनुकरण करण्यासारखं काही नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी नक्की आहे. गॅरेजचं नाव, तिथली गाणी, तिथली पद्धत, सगळं बाजाराने नेलं. विकता आली नाही ती एकच गोष्ट : समोरच्या माणसाकडे बघत, त्याच्यासाठी, शनिवारमागून शनिवार तीच सिस्टिम पुन्हा पुन्हा जुळवत बसणं. पुढच्या गॅदरिंगला साउंड लावायची जबाबदारी आपल्यापैकी ज्यांच्यावर येईल, त्यांनी व्हॉल्यूम वाढवण्याआधी एकदा फ्लोअरकडे बघावं. लॅरी तेच करायचा.