पिंपरीच्या मातीतले बुरशीचे औषध

२०२१ च्या मे महिन्यात एक अवघड नाव घरोघरी पाठ झाले : ॲम्फोटेरिसिन. करोनातून उठलेल्या माणसाचा एक गाल सुजला, डोळ्याची पापणी उतरली, की नातेवाईक चिठ्ठी घेऊन निलंग्याहून लातूर, तिथून पुढे सोलापूर असे इंजेक्शन शोधत फिरत. जुलैच्या मध्यापर्यंत देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांवर रुग्ण नोंदले गेले, त्यांतले नऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. हे औषध मुळात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाले. त्याचा एक चुलत भाऊ आपल्या पिंपरीत सापडला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

तो शोधणारे डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांचा जन्म १९१४ चा, तेव्हाच्या म्हैसूर संस्थानातला. माणूस मूळचा वनस्पतिशास्त्राचा. पिकांवरचा तांबेरा आणि काणी हा त्यांचा अभ्यासविषय. भारतातील काणी बुरशींवर बी. बी. मुंडकूर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५२ मध्ये निघाला. पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते संशोधनाचे प्रमुख झाले. पेनिसिलीन तयार करण्यासाठी उभारलेला हा सरकारी कारखाना. तिथे तिरुमलाचार मातीचे नमुने चाळत बसले. पिंपरीच्या मातीतल्या एका जिवाणूला त्यांनी गावाचेच नाव दिले : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. १९६० च्या सुमारास त्यापासून हॅमायसिन मिळाले. नावातली पहिली अक्षरे कंपनीची.

हॅमायसिन आणि ॲम्फोटेरिसिन एकाच कुळातली. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. औषध त्यालाच चिकटते, आवरण गळू लागते आणि पेशी मरते. आपल्या पेशींत त्याच्याशी मिळतेजुळते कोलेस्टेरॉल असते, म्हणून साधे ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला जड जाते. लायपोसोमल प्रकाराला एवढी मागणी आली ती त्यामुळेच.

हॅमायसिन शिरेतून देण्याचे औषध कधी झाले नाही. ते मुख्यतः वरून लावण्यापुरते, तोंडातल्या किंवा त्वचेवरच्या बुरशीसाठी राहिले. म्युकरवर त्याचा उपयोग नव्हता. म्युकर रक्तवाहिन्यांत शिरतो, रक्त गोठवतो. पुढचा भाग मरून काळा पडतो. बुरशी स्वतः काळी नसतेच, तरी काळी बुरशी हे नाव चिकटले ते चिकटलेच! वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा बेहिशेबी वापर हे तिचे खतपाणी. करोनानंतर वरचे दात हलू लागले, गाल बधिर झाला, नाकातून काळसर खपली आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर रुग्णाने त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायला हवा होता. अनेकांचे पहिले आठवडे दातदुखी समजण्यात गेले.

तिरुमलाचार पिकांना मात्र विसरले नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेतले ऑरिओफंजिन भाताच्या करप्यावर आणि मोसंबीच्या डिंक्यावर वापरले गेले. उतारवयात ते कॅलिफोर्नियात राहिले. १९९९ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.