राम नाथ चोप्रा

कर्नल सर राम नाथ चोप्रा (१७ ऑगस्ट १८८२ – १३ जून १९७३) हे भारतीय वैद्यक सेवेतील डॉक्टर, संशोधक आणि अध्यापक होते. औषधे शरीरावर कसे कार्य करतात याचा अभ्यास करणाऱ्या औषधक्रियाविज्ञान या शास्त्राचे भारतातील जनक म्हणून ते ओळखले जातात. १९३०-३१ मधील औषध चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते. औषधांची आयात, निर्मिती व विक्री यांवर नियंत्रण आणणारा १९४० चा कायदा या समितीच्या अहवालाच्या पायावर उभा राहिला. देशी औषधांवरील त्यांचे ग्रंथ सर्वपरिचित आहेत. त्या तुलनेत, सर्वसामान्य माणसे दुखण्यावर उपाय म्हणून अफू का व किती घेतात याविषयी त्यांनी केलेल्या पाहण्यांची दखल कमी घेतली गेली आहे.

जीवन

चोप्रा यांचा जन्म पंजाबातील गुजराँवाला (सध्या पाकिस्तानात) येथे झाला. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिक्षण घेऊन ते १९०३ मध्ये केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजात दाखल झाले. तेथे वॉल्टर डिक्सन यांच्या हाताखाली त्यांना औषधक्रियाविज्ञानाची गोडी लागली. औषधाची कीर्ती कितीही असो, प्राण्यावर आणि मग माणसावर त्याचा परिणाम मोजल्याशिवाय त्याविषयी बोलू नये, अशी या नव्या शास्त्राची शिस्त होती. १९०८ मध्ये चोप्रा भारतीय वैद्यक सेवेत रुजू झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी पूर्व आफ्रिकेत लष्करी डॉक्टर म्हणून काम केले.

१९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत औषधक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे ते या संस्थेचे संचालकही झाले. निवृत्तीपर्यंतची सुमारे दोन दशके त्यांनी कलकत्त्यातच काढली व त्यांचे बहुतेक महत्त्वाचे काम याच काळातले आहे. १९४१ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

अफू आणि जुनाट दुखणी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात अफू परवानाधारक दुकानांतून उघडपणे विकली जात असे. तिच्यावरील करातून सरकारला उत्पन्न मिळे. राष्ट्रसंघाने वैद्यकीय गरजेचे प्रमाण म्हणून दर १०,००० लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ६ शेर अफू हा निकष मानला होता. भारतातील अनेक जिल्ह्यांत खप याच्या कितीतरी पट होता. राष्ट्रीय चळवळीतील नेते व मिशनरी या खपाकडे व्यसन म्हणून पाहत, तर सरकारी बाजू तो लोकांच्या जुन्या चालीरीतींचा भाग ठरवी. अफू घेणाऱ्यांनाच जाऊन विचारावे, ही कल्पना मात्र या वादात फारशी कोणाला सुचली नव्हती.

चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे काम हाती घेतले. अफू घेणाऱ्यांचे वय, व्यवसाय, रोजची मात्रा, सवय किती वर्षांची, ती लागण्याचे कारण व प्रकृतीवरील परिणाम यांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. चैन किंवा संगत हे कारण अनेकांनी सांगितले. पण मोठ्या संख्येने लोकांनी सांधेदुखी, अंगदुखी, जुना खोकला, हगवण, कष्टाचा शीण यांसारखी कारणे दिली. यांतील बरेच जण मध्यमवयीन होते व दवाखान्यापासून दूर राहणारे होते. मात्रा लहान ठेवून ती वर्षानुवर्षे न वाढवणारेही त्यांत होते. अशा वापराला चोप्रा यांनी अर्धवैद्यकीय वापर असे म्हटले. या विषयावरील त्यांचा एक लेख १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक पत्रिकेत प्रसिद्ध झाला.

यामागील परिस्थिती समजण्यासाठी त्या काळच्या ग्रामीण भागातील उपचारांची साधने पाहावी लागतात. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते, पण ते प्रामुख्याने शहरांत मिळे. खेड्यात दुखऱ्या गुडघ्यासाठी शेक, लेप, वैदूचे तेल किंवा एखादे गरम पाण्याचे कुंड एवढेच हाताशी असे. भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी व जवळच्या वज्रेश्वरीच्या कुंडांत सांधेदुखीचे रुग्ण आजही स्नानासाठी येतात. ज्याला असे कुंड जवळ नव्हते आणि कामही सोडता येत नव्हते, त्याला अफूची गोळी सोयीची वाटे. अफूत सुमारे १० टक्के मॉर्फीन असते; त्यामुळे वेदना खरोखरच थांबत. मूळ आजार मात्र तसाच राहून वाढत जाई आणि गोळी सोडणे कठीण होई. चोप्रा यांच्या मते धोका याच ठिकाणी होता.

तान्ह्या मुलांना अफू देण्याच्या प्रथेकडेही त्यांनी लक्ष वेधले. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या स्त्रिया मूल दिवसभर शांत झोपावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. ही गोळी बाळगोळी या नावाने ओळखली जाई. अशा मुलांमध्ये बद्धकोष्ठता व अशक्तपणा दिसे आणि मात्रा चुकल्यास मृत्यूही ओढवे. आईच्या अज्ञानाइतकेच पाळणाघराच्या अभावालाही या प्रथेचे कारण मानणे भाग होते.

आजच्या रोगपरिस्थितीविज्ञानाच्या कसोटीवर या पाहण्यांत उणिवा दिसतात. त्यांची सुरुवात अफू घेणाऱ्यांपासून होते, संपूर्ण गावापासून होत नाही. त्यामुळे सांधेदुखी असलेल्यांपैकी किती जण अफूकडे वळले व किती जण तिच्याविना राहिले, हे त्यांतून कळत नाही. शिवाय व्यसनाचे कारण सांगताना माणूस चैनीपेक्षा दुखण्याचे नाव घेणे अधिक पसंत करतो, हीही शक्यता उरते. तरीही वेदना, औषध व त्याचे दुष्परिणाम यांचा रुग्णालयाबाहेर, लोकांमध्ये जाऊन एकत्रित अभ्यास करण्याचा भारतातील हा आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होता. १९५९ मध्ये अफूची परवानाधारक किरकोळ विक्री बंद झाली. आपले पुत्र आय. सी. चोप्रा यांच्यासह लिहिलेल्या, भारतातील व्यसनांविषयीच्या १९६५ मधील ग्रंथात त्यांनी या सर्व कामाचे संकलन केले.

औषध चौकशी समिती

दोन महायुद्धांच्या दरम्यान भारतात विकल्या जाणाऱ्या औषधांच्या दर्जावर जवळजवळ कोणतेही नियंत्रण नव्हते. हिवतापावरील क्विनीनच्या गोळ्यांत लिहिलेल्या प्रमाणापेक्षा कमी क्विनीन असे. परदेशांत विक्रीस अयोग्य ठरलेला माल येथे येई. चांगली औषधेही बोटीवरील प्रवासात व येथील उष्णतेत निकामी होत. हृदयविकारावरील डिजिटॅलिसच्या अर्काची शक्ती उष्ण हवेत घटते, हे चोप्रा यांच्या प्रयोगशाळेने दाखवले होते. म्हणजे डॉक्टरने मात्रा अचूक लिहिली तरी रुग्णाच्या पोटात नेमके काय जाते, याची खात्री कोणालाच देता येत नव्हती.

पुण्याचे सर इब्राहिम हारून जाफर यांनी १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये भेसळीविरुद्ध कायद्याची मागणी करणारा ठराव मांडला. त्यानंतर १९३० मध्ये सरकारने चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील औषधतज्ज्ञ फादर जे. एफ. कायस हे तिचे एक सदस्य होते. सर्पदंशावरील पारंपरिक वनौषधींची प्रायोगिक तपासणी त्यांनी कृ. श्री. म्हसकर यांच्यासह केली होती. समितीने देशभर साक्षी घेऊन १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांसाठी देशव्यापी कायदा, केंद्रीय व प्रांतिक तपासणी प्रयोगशाळा आणि औषध बनवणाऱ्या व देणाऱ्यांसाठी विहित शिक्षण या तिच्या प्रमुख शिफारशी होत्या.

अहवालावर कार्यवाही संथ झाली. कलकत्त्यातील प्रमाणीकरण प्रयोगशाळा १९३७ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सल्फा औषधाने १०० हून अधिक माणसे दगावली आणि तेथे लगोलग १९३८ मध्ये नवा कायदा झाला. भारतात अहवालानंतर कायदा होण्यास ९ वर्षे लागली. फार्मसीच्या शिक्षणाचा कायदा १९४८ मध्ये आला.

कायदा झाला म्हणजे अंमलबजावणी झाली असे नव्हे, याचा अनुभव महाराष्ट्राला पुढे आला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्या ग्लिसरीनमध्येही डायएथिलीन ग्लायकॉलच होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केलेल्या चौकशीत खरेदी, तपासणी व परवाने या सर्व पातळ्यांवरील दोष उघड झाले.

देशी औषधांचे संशोधन

इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया (१९३३) हा चोप्रा यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ. जुन्या ग्रंथांतील वनस्पतींची रासायनिक व प्रायोगिक तपासणी करून कोणती उपयुक्त, कोणती निरुपयोगी आणि कोणती घातक, हे त्यांनी वेगळे करून दाखवले. आयुर्वेदाचे अभिमानी व पाश्चात्त्य वैद्यकाचे कट्टर समर्थक या दोघांनाही त्यांचे निष्कर्ष अर्धेच मानवले.

सर्पगंधा हे याचे उत्तम उदाहरण आहे. या मुळीने रक्तदाब उतरतो, हे चोप्रा व सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये प्रयोगांतून नोंदवले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रुग्णांवरील आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले आणि हे औषध जगभर पोहोचले. पण पुढील काही वर्षांतच त्यातील रेसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये तीव्र नैराश्य आढळल्याचे अहवाल आले. वनस्पतिजन्य औषध म्हणजे निर्धोक औषध, या समजाला यामुळे धक्का बसला.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशी वैद्यकपद्धतींविषयी नेमलेल्या समितीचेही (१९४६–४८) ते अध्यक्ष होते. दोन्ही वैद्यकांचा समन्वय साधावा, अशी शिफारस या समितीने केली. आयुर्वेदिक व युनानी औषधे मात्र १९६४ च्या दुरुस्तीनंतरच औषध कायद्याच्या कक्षेत आली.

उत्तरायुष्य आणि प्रभाव

निवृत्तीनंतर चोप्रा यांनी जम्मू-काश्मीरमध्ये औषध संशोधन प्रयोगशाळेचे काम पाहिले. १९४८ मध्ये ते भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष होते. भारतीय औषधी वनस्पतींचा त्यांचा कोश १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लोकांमधील वेदनांची मोजणी भारतात पद्धतशीरपणे सुरू होण्यास आणखी काही दशके गेली. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या पाहणीत घरोघरी जाऊन ४,००० हून अधिक प्रौढांना सांधे व स्नायूंच्या दुखण्याविषयी विचारण्यात आले. दर १०० जणांमागे सुमारे १८ जणांना असा त्रास होता. येथे सुरुवात संपूर्ण गावापासून होती. दुसरीकडे, १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदींमुळे कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले व त्या २०१४ मध्ये शिथिल कराव्या लागल्या.

भारतीय टपाल खात्याने १९८३ मध्ये चोप्रा यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.