सुब्बाराव यांचे औषध आणि अॅसिडिटीची बाटली

पावसाळ्यात अंधेरी, घाटकोपर वा मुलुंडच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत घर गाठणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन लिहून देतात. २६ जुलै २००५च्या महापुरानंतर या रोगाची धास्ती उपनगरांनी चांगलीच अनुभवली. डॉक्सिसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन कुळातले, त्या कुळातील पहिले औषध जिथे जन्मले, त्या संशोधनाचे सूत्रधार होते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमवरम येथे त्यांचा जन्म झाला. स्प्रू या पचनसंस्थेच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ दगावले. पुढे ते स्वतःही त्याच दुखण्यातून जेमतेम वाचले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादीचा अंगरखा घातल्याने इंग्रज प्राध्यापकांची मर्जी फिरली आणि एमबीबीएसऐवजी कनिष्ठ पात्रतेवर समाधान मानावे लागले. १९२३मध्ये त्यांनी बोस्टन गाठले. रुग्णालयात पडेल ते काम करीत शिक्षण व हार्वर्डमधील संशोधन चालू ठेवले.

१९४०मध्ये ते लेडर्ली प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे स्प्रूवर उपयोगी ठरलेले फॉलिक आम्ल, हत्तीरोगावरील औषध आणि कर्करोगावरील मेथोट्रेक्सेट सिद्ध झाले. १९४५मध्ये सहकारी बेंजामिन डगर यांना मातीतील सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन गवसले. ते जगासमोर आले त्याच वर्षी, ऑगस्ट १९४८मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सुब्बाराव यांचे निधन झाले.

या औषधाचा एक दोष त्यांच्या पश्चात उघड झाला. ऑरिओमायसिनने मळमळ होई, म्हणून रुग्णांना सोबत अॅल्युमिनियमयुक्त आम्लनाशक दिले जाई. मात्र त्यामुळे रक्तातील प्रतिजैविकाचे प्रमाण घटते, असे १९५०मध्ये निदर्शनास आले. अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम व कॅल्शियम हे घटक औषधाला आतड्यातच जखडून ठेवतात. ते रक्तात पोहोचतच नाही.

डॉक्सिसायक्लिनलाही हाच नियम लागू आहे. गोळीने छातीत जळजळते म्हणून लगेच आम्लनाशकाची बाटली उघडणारा रुग्ण नकळत आपलेच संरक्षण कमी करतो. दोन्हींत काही तासांचे अंतर हवे. गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये. मेथोट्रेक्सेटची गोष्ट उलटी: मोठ्या मात्रेत ते घेणाऱ्यांनी ओमेप्राझोलसारखे औषध घेतल्यास ते शरीराबाहेर पडण्यास विलंब होऊन विषबाधेचा धोका वाढतो.

पोटाच्या विकाराने भाऊ गमावलेल्या या संशोधकाची औषधे आजही जीव वाचवतात. अॅसिडिटीवरचे साधे औषधही डॉक्टरांना सांगूनच घेतले, तर ती आपले काम पूर्ण करतील.