ह्यूम यांचा अनोळखी पक्षी

राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस भरले आणि त्यामागे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा पुढाकार होता, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राच्या उभारणीत याच गृहस्थांचा मोठा वाटा होता, याची दखल पाठ्यपुस्तके सहसा घेत नाहीत.

१८२९ साली जन्मलेले ह्यूम १८४९ मध्ये मुलकी सेवेत आले. इटाव्याचे कलेक्टर, नंतर जकात आयुक्त आणि १८७१ पासून महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव अशी त्यांची चढती कमान होती. वरिष्ठांशी न पटल्याने १८७९ साली ते पद गेले. कचेरीतून उरलेला वेळ त्यांनी पक्ष्यांना वाहिला. १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक काढले आणि देशभर विखुरलेल्या हौशी निरीक्षकांना लिहिते केले.

१८६७ च्या नोव्हेंबरात सतलजच्या खोऱ्यात रामपूरनजीक त्यांना एक लहानसा, मोठ्या चोचीचा वटवट्या मिळाला. तो कोणत्याही परिचित जातीत बसेना. ह्यूम यांनी त्याला ओढूनताणून जुन्या नावाखाली कोंबले नाही; स्थळ व तारीख नोंदवून नवी जात म्हणून त्याचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांना ती स्वतंत्र जात आहे की नाही याचाच संशय होता. १८८५ च्या सुमारास ह्यूम यांची हस्तलिखिते रद्दीच्या भावाने बाजारात गेली. खचलेल्या ह्यूम यांनी पक्षी व अंडी मिळून ८०,००० हून अधिक नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. १९१२ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

२००६ साली थायलंडमध्ये एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्राजवळ तसाच पक्षी जाळ्यात सापडला. त्याच्या पिसांतील जनुकद्रव्य ह्यूम यांच्या नमुन्याशी जुळले. या जातीची वीण अफगाणिस्तान व ताजिकिस्तानच्या डोंगराळ भागात होते, हे त्यानंतर उमगले. सतलजकाठचा तो पक्षी बहुधा वाटसरूच होता.

याच्या उलट उदाहरण रानपिंगळ्याचे. त्याचेही वर्णन ह्यूम यांनीच १८७३ साली केले होते. पुढे मायनर्ट्झहागेन या संग्राहकाने चोरलेल्या नमुन्यावर खोटे स्थळ लिहिले आणि शोध भलतीकडे वळला. ती लबाडी उघड झाल्यावर जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे १९९७ साली तो पक्षी आपल्याच शहाद्याजवळ पुन्हा दिसला.

एक खरी चिठ्ठी १३९ वर्षांनी उपयोगी पडली. एका खोट्या चिठ्ठीने शास्त्राची दिशाभूल केली. परसात अनोळखी पक्षी उतरला तर त्याला घाईने नाव देण्यापेक्षा दिवस, जागा आणि दिसले तेवढेच वर्णन प्रामाणिकपणे लिहून ठेवणे अधिक मोलाचे होय. त्याला पदवी लागत नाही, अनुदानही लागत नाही. शाळामास्तर आणि कारकून यांच्या वहीतही ते मावते.