नगरांचे वैद्य : पॅट्रिक गेडिस

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील शहरे गिरण्यांच्या धुराड्यांभोवती बेसुमार वाढत गेली. अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि वारंवार येणाऱ्या साथी यांना आळा घालण्यासाठी कायदे करणे भाग पडले. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार रस्त्याची रुंदी, घराभोवतीची मोकळी जागा, सांडपाण्याचा निचरा यांविषयी नगरपालिका नियम करू लागल्या. या नियमांनी रोगराई कमी झाली, हे खरे. परंतु एकाच साच्यातून काढल्यासारख्या घरांच्या लांबच लांब रांगाही त्यांनीच उभ्या केल्या. शहराला नियमांचा लगाम हवा, पण तो घालण्यापूर्वी शहराची प्रकृती जाणून घ्यावी, असा आग्रह ज्यांनी आयुष्यभर धरला, ते पॅट्रिक गेडिस अभियंते नव्हते, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. लंडनमध्ये थॉमस हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करणे पुढे त्यांना शक्य झाले नाही. सजीव आणि त्याचा परिसर यांचे नाते शोधणारी त्यांची बुद्धी मग माणसाच्या वस्तीकडे वळली.

एडिंबरोचा जुना भाग त्या काळी दारिद्र्याचे आगर बनला होता. सुस्थितीतील लोक तेथून केव्हाच निघून गेले होते. गेडिस मात्र पत्नी ॲना यांच्यासह त्याच भागातील एका जुनाट इमारतीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी भिंतींना सफेदी केली, पडक्या जागा मोकळ्या करून तेथे बागा केल्या आणि दुरुस्त होण्याजोगी घरे दुरुस्त केली. सरसकट पाडापाडी न करताही वस्ती सुधारते, हे त्यांनी प्रथम येथे अनुभवले.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. अनेक वर्षांच्या परिश्रमाने जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्रतळाशी गेली. तरीही स्नेह्यांनी नवी सामग्री गोळा करून पाठवली आणि १९१५ च्या प्रारंभी मद्रासमध्ये प्रदर्शन भरले.

त्या वेळी भारतातील नगरपालिकांवर रुंद आणि सरळ रस्त्यांचे मोठे गारूड होते. दाट वस्तीवर पट्टी ठेवून रेघ ओढायची आणि रेघेखाली येतील तेवढी घरे पाडायची, अशी ही पद्धत. गेडिस तंजावर, मदुराई, नागपूर, ठाणे, लखनौ अशा कितीतरी नगरांच्या गल्ल्या पायी हिंडले. पाडलेल्या घरांतील माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत शिरतात, तेथील भाडी चढतात आणि गर्दी पहिल्यापेक्षा वाढते, हे त्यांनी आपल्या अहवालांत दाखवून दिले. आधी घरोघर पाहणी, मग निदान आणि शेवटी बेताची शस्त्रक्रिया, असा त्यांचा क्रम असे. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी लहानसा चौक करावा, झाड लावावे, विहीर आणि देऊळ जपावे. डासांच्या भयाने तलाव बुजवण्यासही त्यांचा विरोध होता. डासांच्या अळ्या खाणारे मासे पाण्यात सोडले म्हणजे काम भागते, असे ते सांगत. या पद्धतीला खर्चही कितीतरी कमी येई. साहजिकच रस्ते आखणाऱ्या अधिकाऱ्यांना ती फारशी रुचली नाही.

इंदूरची हकीकत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शहरात प्लेगची दहशत होती. हाती नकाशा घेऊन फिरणारा हा दाढीवाला साहेब आपली घरे पाडणार, या भीतीने लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. तेव्हा गेडिस यांनी होळकर दरबाराच्या संमतीने दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली आणि जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील, तेथूनच ती जाईल असे जाहीर केले. मग काय, घरोघरी झाडलोट आणि रंगरंगोटी सुरू झाली; हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत लक्ष्मी होती, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगारही होते. ज्यांच्याकडे एरवी कोणी वळून पाहत नसे, त्यांना त्या दिवशी मानाचे स्थान मिळाले. शेवटी उंदराचे दहन झाले. इंदूरच्या भावी वाढीविषयीचा त्यांचा सविस्तर अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

मधल्या काळात, १९१७ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा ॲलास्डेर महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. त्याच वर्षी ॲना यांचे भारतातच आजारपणात निधन झाले. गेडिस यांनी काम थांबवले नाही.

१९१५ मध्येच मुंबई इलाख्यात भारतातील पहिला नगररचना कायदा झाला होता. अनेकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते व सार्वजनिक जागा वेगळ्या काढायच्या आणि उरलेली जमीन नव्या आखणीने मूळ मालकांना परत द्यायची, ही त्यातील योजना. अशा कायद्यांचा वापर करणाऱ्यांना समाजाचेही ज्ञान असावे, ही गेडिस यांची दृष्टी होती. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा ते त्याचे पहिले प्राध्यापक झाले. पुढे भारतीय समाजशास्त्राचे आधारस्तंभ ठरलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली, ती गेडिस यांच्याच शिफारशीने.

त्यांचे बोलणे दाढीत हरवून जाई आणि ऐकणाऱ्यांची तारांबळ उडे. भारतातील त्यांचे बहुतेक अहवाल दप्तरातच राहिले. भूमध्य समुद्राकाठच्या तेल अवीव या नव्या शहराला मात्र त्यांच्या १९२५ च्या आराखड्याने वळण दिले. वाहतुकीचे मोठे रस्ते बाहेरून आणि आत लहान रस्त्यांनी वेढलेली, मध्ये बाग असलेली घरे, अशी तेथील रचना झाली. त्या शहराचा एक भाग २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

अखेरची वर्षे गेडिस यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे स्वतः स्थापन केलेल्या विद्यालयात घालवली. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.