लोहाराच्या मुलाची मेणबत्ती

वीज गेली की घरोघर मेणबत्तीची शोधाशोध सुरू होते. ज्यांच्या शोधामुळे पुढे घराघरांत वीज पोहोचली, त्याच शास्त्रज्ञाने उतारवयात मुलांपुढे उभे राहून मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. त्यांचे नाव मायकेल फॅरेडे. शाळेच्या पुस्तकात ते विद्युतजनित्राच्या तत्त्वाचे जनक म्हणून भेटतात. घरातल्या वाट्या, बाटल्या आणि कागद घेऊन प्रयोग करणाऱ्या मुलांचे ते पूर्वज आहेत, ही त्यांची दुसरी ओळख मात्र मागे राहते.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी झाला, आज लंडनचाच भाग असलेल्या न्यूइंग्टनमध्ये. वडील लोहार, त्यातून प्रकृतीने अधू. चार मुलांच्या या घरात कधी कधी पोटभर खायचीही पंचाईत असे. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढेच मायकेलचे शालेय शिक्षण. १८०४ साली तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षांच्या करारावर तो पुस्तकबांधणी शिकू लागला.

बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचूनही काढी. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपात लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक, या दोहोंनी त्याला झपाटले. पण छापलेले आहे म्हणून खरे मानायचे, हे त्याच्या स्वभावात नव्हते. आठवड्याला चार-दोन पेनी वाचवून तो रसायने आणी आणि पुस्तकातले प्रयोग करून पाही. घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र त्याने आधी काचेच्या एका बाटलीपासून बनवले. १८१२ साली त्याने विद्युतघट केला तो असा : अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. एवढ्या सामग्रीवर त्याने एका क्षाराच्या द्रावणाचे विघटन घडवून दाखवले.

शास्त्रावरची व्याख्याने ऐकायला एक शिलिंग पडे. तो थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि रॉबर्टही लोहारच. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. त्याने टिपणे काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातांनी त्यांचे पुस्तक बांधले आणि नोकरीच्या अर्जासोबत डेव्हींना पाठवून दिले. मार्च १८१३ मध्ये तो तिथे प्रयोगशाळेत मदतनीस झाला.

पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. १८२१ मध्ये विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून त्यांनी विद्युतचलित्राचे मूळ तत्त्व दाखवले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्यांनी विद्युतप्रवर्तन शोधले. आजच्यासारखी आवरणाची तार तेव्हा मिळत नसे. वेढ्यांमध्ये सुती दोरा आणि कापड घालून ती गुंडाळावी लागे. पुस्तकबांधणीत तयार झालेले हात इथे कामी आले. उच्च गणित त्यांना येत नव्हते. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवायचा आणि उमटणाऱ्या रेषांकडे पाहून विचार करायचा, ही त्यांची रीत. त्या रेषांना समीकरणांचे रूप पुढे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी दिले.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात ती मालिका फॅरेडेंनी तब्बल एकोणीस वेळा गुंफली. १८५५ च्या नाताळात राणी व्हिक्टोरियाचे पती आपल्या दोन राजपुत्रांना घेऊन श्रोत्यांत बसले होते. १८६० च्या नाताळात, एकोणसत्तराव्या वर्षी, फॅरेडेंनी विषय घेतला मेणबत्तीचा.

मेणबत्ती जळताना वरच्या टोकाशी मेणाची वाटी कशी तयार होते? ज्योतीमुळे वर चढणारी हवा कडा थंड ठेवते, म्हणून मधले मेण वितळते आणि कड टिकते. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते? टॉवेलचे एक टोक पाण्यात राहिले तर पाणी जसे टॉवेलभर चढते, तसेच. आपल्या समईतही तेच घडते. मेणबत्ती विझवल्यावर पांढुरक्या वाफेची रेघ निघते. त्या रेघेला दोन-तीन इंचांवरून पेटती काडी लावली तर ज्योत उडी मारून वातीवर येते, म्हणजे जळते ती मेणाची वाफ. ज्योतीवर थंड भांडे धरले तर त्यावर दव जमते, म्हणजे आगीतून पाणी निघते. ज्योतीवरची हवा भांड्यात धरून त्यात चुन्याची निवळी हलवली तर ती दुधाळ होते, आणि नळीतून आपला श्वास फुंकला तरी होते. मेणबत्ती आणि माणूस, दोघेही हवेतला प्राणवायू घेऊन एकाच रीतीने जळतात, इथे त्यांनी मुलांना आणून सोडले. हे सारे प्रयोग घरी करता येतील. फक्त शेजारी मोठे माणूस हवे.

अशीच साधी साधने त्यांनी मोठ्यांसाठीही वापरली. १८५३ च्या सुमारास लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे वेड पसरले होते. आपल्याकडच्या प्लँचेटसारखाच तो प्रकार. सगळ्यांनी हात ठेवले की टेबल आपोआप हलते, आत्मा येतो, अशी समजूत. फॅरेडेंनी हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. वरचा पुठ्ठा खालच्यांपेक्षा जास्त सरकलेला निघाला. म्हणजे टेबल हातांना ओढत नव्हते, हातच नकळत टेबलाला ढकलत होते. मग त्यांनी हातांची हालचाल दाखवणारा काटा बसवला. तो डोळ्यांपुढे येताच टेबल हलेनासे झाले. बसणारी माणसे खोटारडी नव्हती, हे त्यांनी आवर्जून मान्य केले. १८५५ मध्ये थेम्स नदीवरून बोटीने जाताना त्यांनी पांढऱ्या कागदाचे तुकडे पाण्यात टाकले. इंचभर खाली जाण्याआधीच ते दिसेनासे झाले. नदीची अवस्था सांगणारे पत्र त्यांनी वर्तमानपत्राला पाठवले.

मेणबत्तीची व्याख्याने ही त्यांची मुलांसाठीची शेवटची मालिका ठरली. स्मरणशक्ती कित्येक वर्षांपासून दगा देत होती, आणि १८६१ मध्ये त्यांनी ही जबाबदारी सोडली. सरदारकी त्यांनी नाकारली होती, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही दोनदा नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट इथे त्यांचे निधन झाले. ती सहा व्याख्याने मात्र १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि अजून वाचली जातात.

मुले प्रयोग करायला बसली की घरात पसारा होतो, मीठ सांडते, वाट्या काळ्या होतात. महागडी खेळणी आणून दिली की आपले कर्तव्य संपले, असे वाटण्याचे हे दिवस आहेत. साध्या साधनांचे प्रयोग म्हणजे दुय्यम विज्ञान, असे फॅरेडेंनी कधी मानले नाही, कारण त्यांचे स्वतःचे विज्ञान एका बाटलीतून आणि सात नाण्यांतून उभे राहिले होते. पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा मेणबत्ती लावाच, आणि ती जळते म्हणजे नेमके काय होते, हे मुलांना विचारून पाहा. उत्तर सांगायची घाई मात्र करू नका.