विश्लेषण : अब्दुल करीम खाँ यांचा खरा आवाज कोणत्या तबकडीत?

सोलापूर-कलबुर्गी रेल्वेमार्गावरील दुधनीसारख्या सीमेवरच्या गावात मराठी आणि कानडी एकाच बाजारात बोलली जाते. हिंदुस्तानी गायकीत कर्नाटक संगीत असेच मिसळून घेणारे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ दोन्ही भाषांच्या मुलखात आजही ऐकले जातात. मात्र जुन्या तबकड्यांचे शौकीन एकत्र बसले की वाद ठरलेला. आधीची तबकडी सरस की नंतरची, लाखेची मूळ प्रत खरी की विनाइलवरची?

कैराना ते मिरज

खाँसाहेबांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. घराण्याला नाव मिळाले ते याच गावावरून. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायले. तिथल्या सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूत जुळले आणि दोघांना बडोदा सोडावे लागले. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. म्हैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे असे. कुंदगोळचे सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य.

घरात मात्र फाटाफूट झाली. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही ती मुले. वडिलांचे नाव न लावताच ती मोठी झाली.

तबकड्यांत फरक कुठे?

खाँसाहेबांची पहिली मुद्रणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या दाबाने सुई हलून मेणावर रेघ उमटायची. तंबोऱ्यासारखा नाजूक आवाज त्यात जवळपास हरवून जाई. 1925 नंतर विजेवरचे मुद्रण आले. 1930 च्या दशकाच्या मध्यावर ओडियन कंपनीसाठी ते पुन्हा गायले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. झिंझोटी आणि भैरवीतील त्यांच्या गाजलेल्या ठुमऱ्या या फेरीतल्या. गदगमध्ये लहानपणी त्यांची तबकडी ऐकूनच भीमसेन जोशी गाण्याकडे ओढले गेले, असे सांगतात.

म्हणजे तुलना होते ती तिशीतल्या आणि साठीतल्या गळ्याची. मधला भर बहराचा काळ तबकडीवर जवळपास नाहीच. शिवाय संथ आलापीसाठी नावाजलेला हा गायक आपल्यापर्यंत पोहोचतो तो एका बाजूला सुमारे तीन मिनिटांच्या तुकड्यांत.

वेगाचा घोळ निराळाच. जुन्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवरच कापलेल्या असत, असे नाही. 74 फेऱ्यांवर कापलेली तबकडी 78 वर लावली, तर 3 मिनिटे 10 सेकंदांचे गाणे 3 मिनिटांत संपते आणि षड्ज जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. आवाजही पातळ होतो. पण गळा आणि तंबोरा बरोबरीने वर जात असल्याने स्वरांमधील अंतरांचे प्रमाण बिघडत नाही. श्रुतींच्या अभ्यासात कृ. बा. देवल आणि ई. क्लेमेंट्स यांना साथ देणाऱ्या गायकाबाबत हा दिलासा मोठा आहे. त्यामुळे वेग चुकला म्हणून त्यांचे सूरच खोटे ठरवणारे श्रोते घाई करतात.

विनाइलच्या एलपीवर हेच जुने गायन नव्याने उतरवले गेले. खरखर कमी करण्यासाठी वरच्या पट्टीतील ध्वनी छाटले, तर तंबोऱ्याची जवारीही त्यासोबत जाते. म्हणून लाखेच्या प्रतीचा हट्ट धरणारे अगदीच चुकीचे नाहीत, फक्त प्रत झिजलेली नसावी.

शेवटचा प्रवास

27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांच्या छातीत दुखू लागले. ते सिंगपेरुमाळ कोईल या छोट्या स्थानकावर उतरले. फलाटावरच त्यांनी सुरात प्रार्थना केली आणि तिथेच त्यांचे निधन झाले. दफन मिरजेत झाले. तिथल्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते.